हिमवर्षावाच्या गावाची हवा आपल्याला मानवेल का, हे कसे ठरवावे

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे लांबच्या मुक्कामासाठी कोल्हापुरातून बर्फाच्या प्रदेशातील एखाद्या लहान गावी जाण्याचा प्रसंग आला, की घरात पहिला प्रश्न थंडीचा निघतो. ‘मला थंडी आवडते, उन्हाळाच सोसत नाही’ असे सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा डिसेंबरातली पन्हाळ्यावरची सकाळ असते. आपल्याकडची थंडी म्हणजे रात्री पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. या अनुभवावरून बर्फाच्या गावातील पाच महिन्यांविषयी कोणताही अंदाज बांधता येत नाही. खरे पाहता थंडी हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग आहे, कारण तिच्यावर कपड्यांचा उपाय असतो. ढगाळ उजेड, हिवाळ्याची लांबी आणि बर्फामुळे वाढणारी रोजची कामे यांवर तसा सोपा उपाय नसतो, आणि आपली आवड-नावड शेवटी त्यांवरच ठरते. सुदैवाने यांतील बऱ्याच गोष्टींची परीक्षा कोल्हापूर जिल्ह्यातच घेता येते.

सुरुवातीला ‘बर्फाचे गाव’ ही एकच कल्पना मनातून काढून टाकावी. लेह आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील होटन ही दोन गावे शेजारी ठेवून पाहिली, तर हा मुद्दा लगेच पटतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. तेथे जानेवारीत रात्रीचे तापमान उणे पंधरा अंशांच्या आसपास जाते, पण वर्षभरातील एकूण पाऊस आणि बर्फ मिळून पाणी साधारण १०० मिलिमीटरच पडते आणि आकाश बरेचदा निरभ्र असते. होटन हे सुमारे आठ हजार वस्तीचे विद्यापीठाचे गाव सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, किवीनॉ द्वीपकल्पावर वसले आहे. जानेवारीत दिवसा उणे पाच-सहा आणि रात्री उणे बारा अंश, म्हणजे लेहपेक्षा रात्री फारशा कडक नाहीत; परंतु वायव्येकडून येणारी कोरडी, गार हवा सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून जाताना बाष्प उचलते आणि किनारा लागताच ते बर्फाच्या रूपाने टाकते. त्यामुळे तेथे एका हिवाळ्यात सरासरीने पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो; त्याच द्वीपकल्पाच्या टोकाकडील भागात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ ९.९ मीटर, बर्फाची नोंद झाली होती. ज्याला उघडे ऊन हवे आहे आणि बोचरी थंडी चालते, त्याचे लेहला चांगले जमेल आणि होटनला तो कंटाळून जाईल. ज्याला दाट, सतत झरणारे आकाश आवडते, त्याचे उलटे होईल.

आता परीक्षेकडे येऊ. कोल्हापुरापासून सुमारे ५५ किलोमीटरवरील गगनबावडा हे तिच्यासाठी फार योग्य ठिकाण आहे. शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या धारेवरील या गावात पाच हजार मिलिमीटरहून अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे सूर्य कित्येक दिवस दिसत नाही, दहा पावलांपलीकडचे दिसेनासे करणारे धुके दुपारीही उतरलेले असते आणि संध्याकाळ चार वाजताच झाल्यासारखी वाटते. घाट आणि धबधबा पाहून संध्याकाळी रंकाळ्यावर परत यायचे, असा प्रवास येथे उपयोगाचा नाही. सलग आठ-दहा दिवस तेथे किंवा राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला मुक्काम करावा, सोबत आपले नेहमीचे काम किंवा अभ्यास न्यावा आणि रोज रात्री तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : सकाळी उठण्याला किती वेळ लागला, दिवसभरात आपणहोऊन किती वेळा घराबाहेर पडलो, आणि काम नेहमीइतके झाले की नाही. पहिले तीन दिवस बहुतेकांना मजाच वाटते. निर्णय पाचव्या दिवसानंतरच्या नोंदींवर करावा. झड लागली असताना जो छत्री घेऊन मुकाट्याने फेरी मारून येतो, त्याला बर्फाच्या गावाची हवा मानवण्याचा संभव मोठा आहे. जो खिडकीशी बसून ‘कधी उघडेल?’ असे दिवसातून चारदा विचारतो, त्याने स्वतःला थंडीप्रिय समजत असला तरी सावध राहावे.

या परीक्षेत एक उणीव राहते. आपल्या पावसाळ्यात ढग असले तरी दिवस मोठा असतो. बर्फाच्या गावात ढगही असतात आणि दिवसही आखूड असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास कोल्हापुरात दिवस सुमारे अकरा तासांचा, लेहला दहा तासांहून थोडा कमी, होटनला साडेआठ तासांचा असतो, आणि नॉर्वेतील ट्रोम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. कमी उजेडामुळे काही व्यक्तींना दर हिवाळ्यात झोप, मरगळ आणि औदासीन्य येते. वैद्यकशास्त्रात या विकाराचे वर्णन १९८४ साली झाले आणि त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचारही वापरला जातो. तेव्हा ज्यांची मनःस्थिती आपल्याकडच्या पावसाळ्यातही दरवर्षी ठरावीकपणे खाली येते, त्यांनी ही बाब स्वभावाची म्हणून सोडून न देता, गाव निवडण्याआधीच डॉक्टरांशी बोलावी. उत्तरेकडच्या अक्षांशांवर हिवाळ्यातील तिरप्या उन्हात त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. सावळ्या त्वचेला मुळातच अधिक ऊन लागते.

यानंतर प्रत्यक्ष बर्फाची परीक्षा. त्यासाठी मनाली, गुलमर्ग किंवा लाहौल ही ठिकाणे जानेवारीच्या उत्तरार्धात अथवा फेब्रुवारीत गाठावीत. लाहौल पूर्वी हिवाळ्यात महिनोन्‌महिने तुटून राहत असे; ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून सिस्सू, केलाँगपर्यंत हिवाळ्यातही बहुतेक दिवस जाता येते. घसरगुंड्या आणि छायाचित्रे पहिल्या दिवशी उरकून घ्यावीत आणि पुढील दिवस स्थानिक माणसासारखे काढावेत : भाजी आणायला पायी जावे, घरमालकाबरोबर अंगणातला बर्फ फावड्याने ओढावा, सूर्य मावळल्यानंतर एकदा तरी गावातून चालून यावे. ताजा बर्फ हलका असतो, पण दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठला की रस्त्यावर काचेसारखा थर बसतो, आणि त्यावर चालणे ही हिवाळ्यातील सर्वांत त्रासाची गोष्ट ठरते. पन्नाशीपुढील माणसांनी तर आपली आवड या थरावरच ठरवावी. लेहला ही परीक्षा घेऊ नये. तेथील पहिल्या दोन-तीन दिवसांतील धाप आणि डोकेदुखी विरळ हवेची असते, थंडीची नव्हे, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करता येत नाही.

डोंगरातील या मुक्कामावरून घरातील थंडीविषयी मात्र निष्कर्ष काढू नये. आपल्या पहाडी भागातील अनेक खोल्यांत एखादी बुखारी किंवा हीटर एवढाच आधार असतो आणि न्हाणीघरात हुडहुडी भरते. अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातील बर्फाच्या गावांत संपूर्ण घर वीस-एकवीस अंशांवर ठेवलेले असते, त्यामुळे घरात एक पातळ स्वेटर पुरतो. तेथे त्रास वेगळाच असतो. उणे दहा अंशांची हवा, ती बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी, एकवीस अंशांपर्यंत तापवल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, त्वचा खाजते. पंचगंगेकाठच्या दमट हवेत वाढलेल्यांना हे अनपेक्षित असते. ज्यांना इसब किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी थंडीइतकाच या कोरडेपणाचाही विचार करावा.

गाव नक्की करण्यापूर्वी त्याचे तक्ते वाचायला शिकावे. हवामान खात्यांची तीस वर्षांची सरासरी उपलब्ध असते, आणि सध्या ती बहुधा १९९१ ते २०२० या काळाची दिली जाते. वर्षाला किती बर्फ पडतो हा आकडा प्रभावी दिसतो, पण त्यावरून फारसे कळत नाही. किती दिवस जमिनीवर बर्फ असतो, शेवटचा बर्फ साधारण केव्हा पडतो, जानेवारीत सूर्यप्रकाशाचे तास किती आणि वारा किती, हे चार रकाने आधी पाहावेत. उणे दहा अंश आणि ताशी तीस किलोमीटरचा वारा एकत्र आले, की उघड्या चेहऱ्याला उणे वीस अंशांसारखे जाणवते. म्हणून निवाऱ्यातले, झाडीतले गाव तापमानाने अधिक गार असूनही राहायला सौम्य ठरू शकते. त्या गावाचा रस्त्यावरील कॅमेरा इंटरनेटवर उपलब्ध असेल, तर तो जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये अधिक नेमाने पाहावा. आपल्याकडे जोतिबाची चैत्र यात्रा भरून बाजारात हापूस येऊ लागलेला असताना तेथे रस्त्याकडेला काळवंडलेले बर्फाचे ढीग आणि चिखल असतो. शुभ्र जानेवारी बहुतेकांना आवडतो. हा एप्रिल सोसणारी माणसे थोडी असतात, आणि मला स्वतःला ती कसोटी डिसेंबरच्या थंडीपेक्षा खरी वाटते.

लहान गाव ही वेगळी बाब धरावी, कारण हवामान आणि वस्ती एकमेकांना वाढवतात. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभे राहून चार ओळखीची माणसे भेटण्याची ज्याला सवय आहे, त्याला पाच वाजता निर्मनुष्य होणारा रस्ता थंडीहून जास्त बोचेल. काही गावांनी यावर आपापले उपाय काढले आहेत. होटनच्या विद्यापीठातील हिवाळी उत्सव १९२२ पासून चालत आला असून त्यात विद्यार्थी बर्फाचे प्रचंड पुतळे उभारतात. असा एखादा हिवाळी नेम, तळ्यावरील स्केटिंग किंवा निदान व्यायामशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, ते पाहावे.

कुटुंब सोबत जाणार असेल, तर प्रत्येकाने वही स्वतंत्र लिहावी आणि गगनबावड्याचा मुक्काम संपेपर्यंत एकमेकांना दाखवू नये, नाहीतर घरातील मोठ्या आवाजाच्या माणसाची आवड सर्वांची म्हणून खपते. नोकरीनिमित्त रोज बाहेर पडणाऱ्यापेक्षा दिवसभर घरात राहणाऱ्याच्या नोंदींना अधिक वजन द्यावे.

निर्णय होकारार्थी झाला, तर शक्यतो ऑगस्टमध्ये तेथे पोहोचावे, म्हणजे शरीराला दिवसागणिक उतरत्या तापमानाची सवय होते. जड कोट आणि बूट येथून विकत नेऊ नयेत. तेथील दुकानांत त्या गावच्या थंडीला पुरणारे आणि बऱ्याचदा जुने, स्वस्त मिळतात. अंगालगत घालायचे कपडे मात्र सुती नसावेत, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि बाहेर पडल्यावर तेच अंग गार करते. लोकरीचे पातळ थर चांगले. घर पाहताना दक्षिणेकडील खिडक्या, बसथांब्याचे अंतर आणि घर तापवण्याचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, हे विचारावे, आणि दारापुढचा बर्फ काढण्याची जबाबदारी घरमालकाची की भाडेकरूची, ते करारात लिहून घ्यावे.