जुना ईमेल पत्ता फोनमधून काढताय? या चुका टाळा

मी कोल्हापुरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. जून-जुलै आला की आमच्याकडे दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं : "अहो, मी कधीच मेल केलाय!" बोलणारा खरंच बोलत असतो. मेल गेलेला असतो, आमच्याकडे पोचलेला नसतो. 'टू'च्या रकान्यात तीन अक्षरं टाकली, खाली ओळखीचं नाव आलं, त्यावर बोट लावलं आणि पाठवून मोकळे. नाव बरोबर असतं, पत्ता चार वर्षांपूर्वीचा. मग कोणीतरी सांगतं, जुना पत्ता काढून टाका, आणि तो काढताना माणसं पहिल्यापेक्षा मोठा घोळ करून ठेवतात. तेच ते घोळ निस्तरून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहिते आहे.

नाव दिसलं की पत्ता बघायचाच नाही

सगळ्याचं मूळ हेच आहे, म्हणून आधी हे.

आमचे एक जुने अशील आहेत, निवृत्त, मुलीने घेऊन दिलेला आयपॅड वापरतात. जुलै 2023 मध्ये त्यांनी तीन मेल पाठवले. एकात पेन्शनचा फॉर्म 16 (कापलेल्या कराचा दाखला), बाकीच्या दोन्हींत दोन बँकांची ठेवीच्या व्याजाची प्रमाणपत्रं. 29 तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काय गं, झालं का माझं रिटर्न?" मी म्हटलं, "काका, तुमचे कागदच आलेले नाहीत." ते गप्पच झाले. मग म्हणाले, "अगं, 12 तारखेला पाठवलेत मी. परतसुद्धा आले नाहीत."

परत आले नाहीत, हाच त्यांचा पुरावा होता. माझाही जीव तिथेच अडकला. पत्ता अस्तित्वातच नसेल तर सहसा काही मिनिटांत मेल परत येतो आणि आपण सावध होतो. हा आला नव्हता. म्हणजे कोणाच्या तरी पेटीत तो पडला होता.

रविवारी सकाळी ते आयपॅड घेऊन ऑफिसात आले. पाठवलेला मेल उघडला. वर आमच्या ऑफिसचं नाव, स्वच्छ निळ्या अक्षरात. मी त्या निळ्या नावावर बोट लावलं आणि खालून 2019 सालापर्यंतचा आमचा जुना पत्ता बाहेर आला. ती पेटी आम्ही बंद केलीच नव्हती, फक्त उघडायचं सोडलं होतं. सरांच्या जुन्या डायरीत पासवर्ड सापडला, आत काकांचे तिन्ही मेल होते. 31 तारखेच्या रात्री पावणेअकराला रिटर्न गेलं. चुकलं असतं तर त्यांच्या उत्पन्नाला 5,000 रुपये लेट फी बसली असती. त्याहून वाईट म्हणजे पॅन आणि खात्यांचे आकडे असलेले कागद अठरा दिवस अशा पेटीत पडून होते जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

ती पेटी निदान आमची होती. जुना पत्ता नेहमीच इतका बरा वागत नाही. नोकरी सोडलेल्या माणसाचा कंपनीतला पत्ता बऱ्याचदा त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे वळवलेला असतो. एखाद्या दुकानाचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं '@' च्या पुढचं नाव, मुदत संपून सुटलं तर ते कोणीही विकत घेऊ शकतं आणि त्यावर येणारे मेल वाचू शकतं. याहूने तर 2013 मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना दिली होती, आणि त्यातल्या काहींना आधीच्या मालकाचे मेल यायला लागले होते. तेव्हा 'मेल परत आला नाही' याचा अर्थ 'पोचला' असा कधीच लावू नका.

माझी सवय सांगते. आधी फाइल जोडते, मग मजकूर लिहिते, पत्ता सगळ्यात शेवटी भरते. नाव निवडल्यावर त्यावर बोट लावून '@' च्या पुढचं वाचते. पाच सेकंदं लागतात. यालाही ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान आधार आणि पॅनचे फोटो तरी मेलने पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्ता कुठून येतोय हे न बघता पुसायला धावणं

हा जुना पत्ता फोनमध्ये एकाच जागी बसलेला असतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. तो तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये असेल, मेलच्या ॲपने पूर्वी पाठवलेल्या पत्त्यांची यादी ठेवलीय तिच्यात असेल, गूगलच्या खात्यात असेल, ब्राउझरच्या आठवणीत असेल, नाहीतर नुसत्या कीबोर्डने शिकलेला असेल. चुकीच्या जागी कितीही पुसलं तरी तो हलत नाही, आणि माणूस चिडून आणखी मोठं बटण दाबतो.

माझ्या नणंदेचं हेच झालं. अँड्रॉइड फोन. भाच्याचा जुना पत्ता जीमेलमध्ये सारखा वर यायचा. तिने कुठलासा व्हिडिओ बघितला आणि सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्टचं स्टोरेज साफ केलं, 'क्लिअर डेटा'. फोनने विचारलं, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. तिचे बरेचसे नंबर गूगल खात्यात नव्हतेच, फोनमध्ये सेव्ह केलेले होते. ते सगळे गेले. गॅसवाला, दूधवाला, बेळगावचे काका, सासऱ्यांचे डॉक्टर. व्हॉट्सॲपवर बोलणी तशीच होती, पण नावांच्या जागी नुसते आकडे. दोन दिवस ती एकेक संभाषण उघडून, कोण काय बोललंय त्यावरून माणूस ओळखून नावं परत घालत बसली होती. आणि भाच्याचा जुना पत्ता? तो जागेवरच होता, कारण तो तिच्या फोनमध्ये नव्हताच. तो गूगलच्या खात्यात होता.

म्हणून पुसण्याआधी दोन मिनिटं बघा. तीच तीन अक्षरं मेलमध्ये टाका, मग व्हॉट्सॲपमध्ये किंवा नोट्समध्येही टाका. दुसऱ्या ॲपमध्येही पत्ता कीबोर्डच्या वरच्या पट्टीत येत असेल तर तो कीबोर्डने शिकलाय. फक्त 'टू'च्या खाली येत असेल तर मेलची यादी किंवा कॉन्टॅक्ट. वेबसाइटवर फॉर्म भरताना येत असेल तर ब्राउझर. निदान झालं की औषध सोपं आहे.

आयफोन-आयपॅडचं मेल ॲप : नवा मेल उघडा, अक्षरं टाका, नावाशेजारच्या गोलातल्या छोट्या 'आय'वर बोट लावा. तिथे 'रिमूव्ह फ्रॉम रीसेंट्स' दिसलं तर ते दाबा, काम झालं. ते दिसतच नसेल तर पत्ता कॉन्टॅक्टमध्ये आहे, तिथे जाऊन दुरुस्त करा. आयपॅडवाल्या काकांकडे आमचा जुना पत्ता या रीसेंट्समध्येच होता. रविवारी दोन वेळा बोट लावून निघाला.

जीमेल : तुम्ही ज्यांना मेल करता त्यांचे पत्ते गूगल 'अदर कॉन्टॅक्ट्स' नावाच्या वेगळ्या कप्प्यात आपणहून ठेवतं. तुमच्या नेहमीच्या कॉन्टॅक्टच्या यादीत ते दिसत नाहीत, म्हणून लोक म्हणतात, "माझ्याकडे हा पत्ता सेव्हच नाही, मग येतो कुठून?" फोनच्या ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, डावीकडच्या मेन्यूतून तो कप्पा गाठा, पत्ता शोधा, काढा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा 'जीमेल'च्या जागी 'जीमेअल' किंवा 'कॉम'च्या जागी 'कॉन' टाइप झालेले पत्तेही तिथे सापडतील. एकदा चुकून पाठवलेला पत्तासुद्धा तिथे घर करून बसतो. तेही त्याच वेळी काढा. इथून पुढे पत्ते साठवूच नयेत असं सेटिंगही गूगल खात्यात आहे, पण ते बंद केल्याने आधी साठलेले जात नाहीत. ते हातानेच काढावे लागतात.

एक लक्षात ठेवा. जीमेल नावातले टिंब मोजत नाही. टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन पत्ते दिसले तर ती एकच पेटी आहे. त्यातला 'जुना' कोणता यावरून भांडू नका.

कीबोर्ड : जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) वरच्या पट्टीतल्या शब्दावर बोट दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या कचरापेटीत ओढा. एक पत्ता काढायला एवढं पुरतं. अख्खा शब्दकोश रीसेट करू नका. वर्षभर शिकवलेली मराठी नावं, गावं, आडनावं सगळी जातात आणि 'पाटगाव' लिहायला पुन्हा झगडावं लागतं. आयफोनवर तर हे रीसेट ज्या पानावरून उघडतं तिथेच खाली अख्खा फोन पुसायची ओळ आहे. घाईतल्या माणसाने त्या पानावर जाऊच नये.

एका पत्त्यासाठी अख्खा माणूस डिलीट करणं

कॉन्टॅक्ट उघडायचा, डिलीट करायचा, 'नंतर नवा सेव्ह करू' म्हणायचं. तो 'नंतर' येत नाही. कॉन्टॅक्टबरोबर फोन नंबर, वाढदिवस, घरचा पत्ता सगळं जातं, आणि तो गूगल खात्यातला असेल तर टॅबवरूनही जातो. पेन्सिलवर बोट लावा, ईमेलची ती एक ओळ काढा, नवी लिहा. डिलीट करून बसला असाल तर गूगलच्या कचरापेटीत तो 30 दिवस असतो, आजच परत घ्या.

दोन कॉन्टॅक्ट एकत्र करा, असं फोन सुचवतो तेव्हाही जपा. एकत्र झाल्यावर दोन्ही पत्ते एकाच नावाखाली येतात, आणि मग नाव बघून काहीच कळत नाही.

जुना पत्ता म्हणजे लॉगिनचं नाव, हे विसरणं

सफाईच्या भरात लोक सेव्ह केलेले पासवर्डही पुसतात, कारण तिथे जुना ईमेल दिसतो. थांबा. वीजबिलाच्या, विम्याच्या, म्युच्युअल फंडाच्या खात्यात तुम्ही ईमेल बदललाय का? नसेल तर आजही लॉगिन त्याच जुन्या पत्त्याने होतं. ती नोंद पुसली की पासवर्ड गेला, आणि नवा पासवर्ड बनवायचा दुवा जाणार त्याच पेटीत जी तुम्ही उघडू शकत नाही. गूगलने तर दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर 2023 पासून बंद करायला सुरुवात केली आहे, म्हणजे ती पेटी उरली असेलच असंही नाही. क्रम असा ठेवा : आधी त्या त्या खात्यात नवा ईमेल नोंदवा, त्या ईमेलने एकदा आत जाऊन बघा, मग जुनी नोंद काढा. आयकराच्या पोर्टलवरचा ईमेलही वेगळा बदलावा लागतो, फोनमधून काढल्याने तो बदलत नाही. हे मी प्रत्येक अशिलाला सांगते आणि तरी दर हंगामात दोघं-तिघं ओटीपीची वाट बघत समोर बसलेले असतात.

फॉर्ममध्ये तुमचाच जुना पत्ता आपोआप भरला जात असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये पत्त्यांचा विभाग उघडून दुरुस्त करा. आयफोनवर सफारीच्या ऑटोफिलमध्ये 'माय इन्फो' म्हणून कॉन्टॅक्टमधलं तुमचं स्वतःचं कार्ड जोडलेलं असतं. स्वतःचं कार्ड कोणी उघडत नाही, म्हणून तिथे दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीचा ईमेल सुखाने राहतो.

थोडक्यात उरलेल्या

'कॉन्टॅक्ट क्लीनर' ॲप घेऊ नका. एक पत्ता काढायला अख्खी फोनबुक अनोळखी माणसाच्या हातात कशाला द्यायची?

फोनवर काढलं म्हणजे टॅबवरून गेलंच, असं धरू नका. दोन्हीकडे तीन अक्षरं टाकून बघा.

नवा पत्ता सेव्ह न करता जुना काढू नका. आधी नव्यावर एक ओळीचा मेल पाठवा, उत्तर येऊ दे.

मेल चुकून सुटलाच तर 'अनडू' लगेच दाबा. आयफोनच्या मेलमध्ये ते मुळात 10 सेकंदांवर असतं. सेटिंगमध्ये 30 करून ठेवा, मी सगळ्यांचं करून देते.

काढलेला पत्ता परत येतो तेव्हा

"ताई, काढला होता, परत आला!" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी एकच विचारते : जुन्या मेलला 'रिप्लाय ऑल' केलंत का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. गेल्या वर्षीचा मेल उघडायचा, त्यालाच उत्तर द्यायचं, नवे कागद जोडायचे, ही फार जणांची सवय आहे, कारण विषय लिहायचा वाचतो. पण त्या मेलमध्ये जुना पत्ता आहेच. तुम्ही त्यावर पुन्हा पाठवलंत की ॲपच्या दृष्टीने तो तुमचा ताजा पत्ता झाला, आणि तो पुन्हा यादीत येऊन बसला. काकांचंही पुढच्या जूनमध्ये हेच झालं. आता त्यांच्या आयपॅडवर आमच्या ऑफिसच्या जुन्या पत्त्याचे सगळे मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले आहेत, इनबॉक्समध्ये एकही ठेवलेला नाही. नवं वर्ष, नवा मेल, आणि पाठवायच्या आधी ते निळ्या नावावर बोट लावून पत्ता मला फोनवर वाचून दाखवतात.