पाणी गेल्यावर नळ ओढतो तेव्हा: सोसायटीची जोडणी उलट्या पाण्यापासून कशी वाचवावी

पाणी गेल्यावर तळमजल्यावरचा महापालिकेचा थेट नळ उघडा आणि त्याच्या तोंडाशी ओल्या वर्तमानपत्राचा तुकडा धरा. कागद चिकटून आत ओढला गेला, तर त्या वेळी लाइन पाणी देत नसून घेते आहे.

चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की पाइपात उरलेलं पाणी उताराकडच्या उघड्या नळांतून निघून जातं आणि उंचावरचा पाइप हवेसाठी आसुसतो. बादलीत बुडालेली रबरी नळी असो, टाकीत खोल सोडलेला पाइप असो की गटारातून गेलेल्या जोडणीची गळती, जे तोंडाशी असेल ते आत जातं. दिवसातून दोन-तीन तास पाणी येणाऱ्या वस्तीत ही वेळ रोजच येते. दुसरा प्रकार ढकलण्याचा. बोअरचा पंप तीन किलो दाब देत असेल तर तो सुमारे ३० मीटर पाण्याचा दाब झाला. शहराची लाइन मात्र जुन्या निकषाप्रमाणे एकमजली वस्तीला ७ आणि दुमजलीला १२ मीटर दाब धरून आखलेली असते. दोन्ही पाइप कुठे जोडलेले असले तर कोण जिंकणार हे सांगायला नको.

आधी पाइप शोधा

प्लंबरला घेऊन आवारात फिरा आणि पालिका, बोअर, टँकर व असल्यास प्रक्रिया केलेलं सांडपाणी अशा चारही लाइन कागदावर काढा. बहुतेक ठिकाणी दोष एकच सापडतो: ‘अडचणीला असू द्या’ म्हणून बोअर आणि पालिकेच्या लाइनमध्ये टाकलेला एक गेट व्हॉल्व्ह. त्याच्या पाचरीखाली वाळूचा कण अडकला की तो पूर्ण बसत नाही आणि बाहेरून ते कळतही नाही. व्हॉल्व्हला कुलूप लावून भागत नाही. तेवढा तुकडा कापा आणि दोन्ही टोकांना एंड कॅप लावा.

फ्लशसाठी वेगळी लाइन असलेल्या नव्या इमारतींत पिण्याची लाइन पूर्ण बंद करून स्वयंपाकघरातले सगळे नळ उघडा. उरलेलं पाणी निथळून गेल्यावरही धार चालू राहिली तर कुठेतरी जोड चुकला आहे. मग उलट बाजूनेही तपासा: फ्लशची लाइन बंद करून फ्लशच्या टाक्या भरतात का ते पाहा. एका बाथरूमची दुरुस्ती झाली तरी ही चाचणी पुन्हा घ्या, कारण दोन्ही पाइप एकाच रंगाचे असले की मिस्त्री हाताला लागेल त्यातून फाटा काढतो.

टाकीच्या तोंडाशी मोकळी हवा

सगळ्यात भरवशाचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. पाणी सोडणाऱ्या पाइपचं तोंड आणि टाकीतलं पाणी जास्तीत जास्त चढेल ती पातळी, यांत पाइपच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी जागा ठेवा. १५ मिमी पाइपला ३० मिमी, २५ ला ५०, ४० ला ८०. तोंड टाकीच्या भिंतीला लागून असेल तर तिप्पट धरा.

मोजताना चूक होते ती पातळीत. बॉलकॉक जिथे पाणी थांबवतो तिथून मोजू नका. पूर्ण दाबाने पाणी येत असताना बॉलकॉकचा गोळा हाताने खाली दाबून धरा, ओव्हरफ्लो वाहू द्या आणि पाणी चढायचं थांबलं की भिंतीवर खडूची रेघ मारा. माप त्या रेघेपासून घ्यायचं. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा निदान एक माप मोठा हवा, नाहीतर रेघ वर सरकत राहते. त्याच्या तोंडाला डासांची जाळी लावा आणि तो उघड्यावर सोडा, चेंबरमध्ये नको.

जमिनीखालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून पाइप तळापर्यंत नेलेला असतो. तो खालचा तुकडा काढून टाका. या टाकीला ओव्हरफ्लो नसेल तर पाणी झाकणाच्या काठापर्यंत चढू शकतं. अशा वेळी पाइप काठाच्या वर उचलून मगच आत वळवा. झाकणाचा काठ आवारापेक्षा निदान वीतभर उंच हवा, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात आवारातलं पाणी थेट टाकीत.

टाकी एकच असेल तर पालिका, बोअर आणि टँकर तिन्ही पाइप वेगवेगळे, वरून आणि आपापली जागा सोडून आत यावेत. टँकरवाल्याची नळी पाण्यात बुडवू देऊ नका.

एनआरव्ही: उपयोगी, पण पुरेसा नाही

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मीटरनंतर क्रम असा ठेवा: स्टॉप कॉक, स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), चाचणीचा छोटा नळ, मग एनआरव्ही. दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) घाला, म्हणजे साफ करताना पाइप कापावा लागत नाही. एनआरव्हीच्या अंगावरचा बाण टाकीकडे. झुलत्या झडपेचा प्रकार आडव्या पाइपात बसवतात. उभ्या पाइपात, पाणी वर चढत असेल तर, स्प्रिंगचा घ्या.

दर सहा महिन्यांनी, पुढची लाइन भरलेली असताना स्टॉप कॉक बंद करून चाचणीचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. ठिबकत राहिलं तर झडपेखाली गंज किंवा वाळू आहे, नाहीतर रबर कडक झालं आहे. गंमत अशी की जोरदार उलट दाबात झडप घट्ट बसते आणि मंद ओढीत गळते. म्हणूनच एनआरव्ही आहे म्हणून मोकळ्या जागेत काटकसर करू नये. दवाखाना, प्रयोगशाळा, धातूला मुलामा देणारा कारखाना अशा ठिकाणी तर फक्त एनआरव्हीवर विसंबणं चूकच. त्यांनी वेगळ्या टाकीत वरून पाणी घ्यावं आणि तिथून पुढे पंप करावं.

घरात तीन गोष्टी पाहा: नळी बादलीत किंवा फवारणीच्या पिंपात बुडवून सोडू नये, संडासातला जेट हुकलाच टांगावा आणि त्याचा भिंतीतला कॉक वापरानंतर बंद करावा. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावू नका. बेकायदा आहे हे एक. शिवाय ती मोटर गल्लीभरच्या गळत्यांमधून गटाराचं पाणीही ओढते.

घाण आत गेलीच तर

वास, फेस किंवा गढूळपणा दिसला की टाकीची आवक बंद करा, पालिकेला कळवा आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळा. रसायनाचा संशय असेल तर उकळूनही पिऊ नका. दोष काढल्यावर टाकी रिकामी करून घासा आणि भरा. दर १०,००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची २ किलो ब्लीचिंग पावडर लागते. त्याने ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा मिळते. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि २४ तास कोणी ते पाणी वापरू नये. नंतर सगळं सोडून द्या आणि ताजं पाणी भरा.

शेवटची तपासणी टाकीपाशी करू नका. सगळ्यात लांबच्या घरातल्या स्वयंपाकाच्या नळाचं पाणी घ्या, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाका आणि रंग लगेच वाचा. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीनचा पिवळा दिसला पाहिजे. उशीर केला तर रंग आपोआप गडद होतो आणि नसलेलं क्लोरीन असल्यासारखं वाटतं.