खाज कुठे येते आणि कधी, ते आधी वहीत लिहा

रात्री दोन वाजता पट्ट्याचा बिल्ला खुळखुळायला लागला की मला कळायचं, शेवंती पुन्हा खाजवत बसली आहे. शेवंती आमची गावठी कुत्री, सहा वर्षांची, ठाण्यात वर्तकनगरच्या रस्त्यावर पावसात भिजताना सापडलेली. तिच्या खाजेत आमची दोन वर्षं गेली. त्यातलं दीड वर्ष मी प्रत्येकाला एकच विचारत होते, यावर औषध कोणतं? खाज नक्की कुठे येते आणि कधी, हे मी कधी बसून पाहिलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम, एक साधी वही करा. रोज चार ओळी पुरे: अंगाचा कोणता भाग, दिवस की रात्र, काय खाल्लं, कुठे फिरली. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. पंजे चाटणं, काखा, जांघा, कान, तोंड घासणं हे बहुधा धूळ, परागकण किंवा खाण्याच्या अ‍ॅलर्जीचं. कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या आल्या आणि घरातल्या माणसांच्याही हातांवर पुरळ उठलं, तर ती लूत असू शकते. मग वहीत वेळ न घालवता थेट डॉक्टर गाठा.

पिसवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत असं समजू नका. अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावेही पुरतात. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरा आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. औषध घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकाच वेळी द्यावं लागतं, पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. अंथरूण गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी झाडा, कारण अंडी आणि अळ्या तिथेच असतात. आम्ही येऊरच्या जंगलात फिरायला जातो, त्यामुळे गोचिडांसाठीही वर्षभर औषध चालू असतं. अफॉक्सोलेनरची गोळी महिन्याला, फ्लुरालेनरची साधारण बारा आठवड्यांनी. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

शेवंतीच्या अंगावर पिसवा नव्हत्या. मग आला खाण्याचा प्रयोग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथेच चुकतात. आमच्याकडे लहानपणापासून चिकन-भात. डॉक्टरांनी तिने कधीच न खाल्लेलं मांस निवडायला सांगितलं, म्हणून आठ आठवडे फक्त बोकडाचं मटण आणि रताळं. दोन्ही नुसतं उकडलेलं, मीठमसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही. हे जमत नसेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं तयार खाद्यही मिळतं, महाग असतं. रक्ततपासणी करून खाण्याची अ‍ॅलर्जी कळेल असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा, त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत.

आमचा पहिला प्रयोग तिसऱ्या आठवड्यात फसला. खालचे वॉचमनकाका रोज तिला दोन ग्लुकोजची बिस्किटं देत होते. मी विचारल्यावर म्हणाले, "वहिनी, ती समोर येऊन बसते, मला नाही म्हणवत नाही." त्यांचा जीव आहे तिच्यावर, रागवायचं काय? मी त्यांच्याकडे उकडलेल्या रताळ्याच्या फोडींचा डबा ठेवला. सासूबाईंना तूप लावलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा तिला द्यायची सवय होती. त्यांना मी वहीच दाखवली. "आई, एवढे आठ आठवडे फक्त," म्हटलं, त्यांनी पाळलं. एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नव्हती: चिकनच्या चवीची जंताची गोळी. तीही चालत नाही. दुसऱ्या वेळी सहाव्या आठवड्यात रात्रीचा बिल्ला थांबला. आठ आठवडे झाल्यावर मुद्दाम चिकन पुन्हा दिलं, आणि चौथ्या दिवशी ती पंजे चाटायला लागली. हे पुन्हा देऊन पाहणं टाळू नका, त्याशिवाय खात्री होत नाही.

तरी श्रावण-भाद्रपदात तिला अजूनही थोडी खाज येतेच. ठाण्याच्या दमट हवेत बोटांमध्ये आणि कानांत बुरशी वाढते, अंगाला आंबूस वास येतो. त्यासाठी डॉक्टरांनी जंतू आणि बुरशी मारणारा, क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू दिला. कोमट पाणी घ्या आणि घड्याळ लावून दहा मिनिटं फेस अंगावर राहू द्या. लगेच धुतला तर उपयोग होत नाही. नंतर बोटांच्या बेचक्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने नीट टिपा, पावसाळ्यात तिथे ओल राहते. आमच्या जिन्यात रोज फिनेलने पुसतात, म्हणून फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुते.

माणसांचं मलम, डेटॉल, टी ट्री तेल लावू नका. कुत्रं ते चाटतं. पूर्वी एका दवाखान्यात तिला दर महिन्याला एक इंजेक्शन मिळायचं, खाज तासाभरात थांबायची. पण ती सारखं पाणी प्यायची, घरात लघवी करायची, पोट सुटलं होतं. ते स्टेरॉइड होतं, हे मला खूप उशिरा कळलं. स्टेरॉइड वाईट नाही, पण प्रत्येक वेळी औषधाचं नाव विचारा आणि वहीत लिहा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने अचानक बंद करू नका. त्वचा खरवडून आणि टेपने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का, हेही विचारा.

तोंड सुजलं, श्वास लागला तर थांबू नका, रिक्षा करून निघा. गोचिडांनंतर ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा, आणि जाताना वही बरोबर घ्या.