इंग्रजी वाक्यात तुलनेच्या शब्दाआधी स्वल्पविराम कधी द्यावा?

इंग्रजीत ‘दॅन’ किंवा ‘लाइक’ लिहायची वेळ आली की अनेकांचा हात आपोआप स्वल्पविरामाकडे जातो. बोलताना आपण तिथे किंचित थांबतो, म्हणून लिहितानाही थांबावंसं वाटतं. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात आणि इंग्रजीच्याच धर्तीवर. चिन्हं तीच असली तरी ती कुठे बसतात हे त्या त्या भाषेची वाक्यरचना ठरवते. म्हणून श्वासावर विसंबू नका. वाक्य लिहून झालं की तुलनेचा भाग बोटाने झाका आणि उरलेलं वाचा.

‘मुंबई इज बिगर दॅन पुणे.’ यातलं ‘दॅन पुणे’ झाकलं तर ‘मुंबई इज बिगर’ एवढंच उरतं. कशापेक्षा मोठी? वाक्य अधांतरी राहिलं, म्हणजे स्वल्पविराम नको. ‘नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज बिग ॲज मुंबई’ यालाही तेच लागू. वाक्य लांबलं म्हणून नियम बदलत नाही. मात्र मध्येच जादा माहिती घातली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतात: ‘मुंबई इज वॉर्मर, इव्हन इन डिसेंबर, दॅन पुणे.’ इथे ‘दॅन’च्या आधी चिन्ह दिसतं खरं, पण ते ‘इव्हन इन डिसेंबर’चं आहे.

दहावी-बारावीच्या मुलांची गफलत हमखास होते ती वाक्यरूपांतरात. ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट’ यात स्वल्पविराम हवा, कारण वेळ सांगणारं उपवाक्य आधी आलं आहे. हेच वाक्य ‘नो सूनर’ वापरून लिहिताना तो स्वल्पविराम सवयीने तसाच उतरवला जातो. तो काढा: ‘नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’

‘लाइक’ला सगळ्यात जास्त जपावं लागतं, कारण तिथे एका चिन्हाने अर्थ फिरतो. ‘शी डझन्ट सिंग लाइक हर मदर’ म्हणजे ती गाते, पण आईसारखं नाही. ‘शी डझन्ट सिंग, लाइक हर मदर’ म्हणजे आई गात नाही आणि तीही गात नाही. व्याकरणाने दोन्ही बरोबर, पण दुसरं वाक्य वाचणारा चकतोच. माझं स्पष्ट मत आहे की असा अर्थ हवा असेल तेव्हा तुलना पुढे आणावी: ‘लाइक हर मदर, शी डझन्ट सिंग.’ ‘अनलाइक’ने सुरू होणाऱ्या तुलनेनंतरही असाच स्वल्पविराम द्यावा: ‘अनलाइक पुणे, मुंबई इज ऑन द कोस्ट.’

‘सच ॲज’लाही बोटाची कसोटी चालते. ‘डिस्ट्रिक्ट्स सच ॲज नाशिक अँड सांगली ग्रो ग्रेप्स’ यातली नावं झाकली तर सगळेच जिल्हे द्राक्षं पिकवतात असं होईल, म्हणून स्वल्पविराम नाही. ‘महाराष्ट्र ग्रोज मेनी फ्रूट्स, सच ॲज मँगोज अँड ग्रेप्स’ यात मात्र नावं नुसती उदाहरणादाखल आहेत, म्हणून तो द्यायचा. ‘सच ॲज’च्या नंतर तर कधीच नको, ही चूक ऑफिसच्या ईमेलमध्ये फार दिसते.

‘रादर दॅन’ मध्ये आलं तर बहुधा स्वल्पविराम लागत नाही: ‘वी टुक द ट्रेन रादर दॅन द बस.’ सुरुवातीला आलं तर तो भाग संपल्यावर द्यायचा: ‘रादर दॅन वेट फॉर द बस, वी टुक द ट्रेन.’ ‘कम्पेअर्ड विथ लास्ट इयर’ने वाक्य सुरू केलं तरी असंच.

‘द मोअर यू रीड, द बेटर यू राइट’ या जोडरचनेत मधला स्वल्पविराम द्यायचाच. आपल्या ‘जितकं वाचाल, तितकं चांगलं लिहाल’मध्ये तो येतो, अगदी त्याच जागी.