शिफ्टच्या मीटिंगमध्ये एकच माणूस बोलत असेल तर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या मशीन शॉपमध्ये सकाळची मीटिंग म्हणजे सात वाजता बोर्डासमोर उभं राहून उरकायची दहा मिनिटं. काल किती माल निघाला, किती रिजेक्ट झाला, आज काय लावायचं, कोण सुट्टीवर. या दहाची वीस झाली तर काय जातं, हे साधं गणित आहे. आमच्याकडे आठ सीएनसी टर्निंग मशीन (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एका पीसचा सायकल टाइम साधारण दीड मिनिट. जास्तीची दहा मिनिटं म्हणजे मशीनमागे सहा-सात पीस, आठ मशीनचे मिळून पन्नासच्या वर. संध्याकाळी डिस्पॅचची गाडी गेटवर येऊन उभी राहिली की मग हेच पन्नास आठवतात.

मी प्रॉडक्शन सुपरवायझर. आमच्याकडे बोलणारे आहेत ते एक सिनियर सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारे. इथे त्यांना अण्णा म्हणतो. हाताला गुण असा की मशीनच्या आवाजावरून सांगतील इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, संपत आलंय म्हणून. पण बोलायला लागले की नमनालाच घडाभर तेल. तीन नंबर मशीनच्या ऑफसेटवरून (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) सुरुवात होते आणि गाडी वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा फोरमनपाशी जाऊन थांबते.

तुमच्याकडेही असं कुणी असेल तर लगेच तोंड बंद करायला जाऊ नका. आधी आठवडाभर ऐका. मीटिंग संपली की ते नेमकं कशाबद्दल बोलले, हे खिशातल्या डायरीत लिहा. मी चार खाने पाडले होते: आजच्या कामाचं, एकाच माणसाशी असलेलं, जुनी गोष्ट आणि गाऱ्हाणं. भरत गेलो तसं लक्षात आलं की बरंचसं बोलणं एकट्या मेंटेनन्सवाल्याशी होतं, बाकीचे उगाच ऐकत उभे. जुन्या गोष्टी मला वाटत होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या. आणि आजच्या कामाचं जे होतं ते खरोखर कामाचं होतं, फक्त सगळ्यात शेवटी यायचं. नवीन लॉटचा बार, म्हणजे ज्यातून पीस निघतात तो धातूचा दांडा, कडक लागतोय, इन्सर्ट भराभर जातायत, हे त्यांनी एकदा सांगितलं ते सगळं पुराण संपून लोक पांगायला लागल्यावर.

ही छाननी टाळू नका, कारण प्रत्येक खान्याचा इलाज वेगळा आहे. नुसतं ‘कमी बोला’ म्हटलं तर चारही खाने एकदम बंद होतात, आणि त्यात बारची बातमीही जाते.

मग एकट्याशी बोलायचं. शिफ्ट सुटल्यावर, गेटबाहेरच्या टपरीवर. केबिनमध्ये बोलावलंत की माणूस मेमो मिळणार अशा तयारीनेच येतो. ‘मीटिंगमध्ये काही जण फार वेळ घेतात’ असं सगळ्यांसमोर मोघम बोलूही नका. ज्याला लागायला हवं त्याला ते दुसऱ्याबद्दल वाटतं, आणि आधीच गप्प असलेला पोरगा आणखी गप्प होतो. आमचं बोलणं साधारण असं झालं.

“अण्णा, तो बार कडक लागतोय म्हणालात ना, ते मला सात वाजून एक मिनिटाला हवं होतं. कळलं तोवर दोन मशीन सुरू झाली होती.”

“अहो साहेब, तेच तर सांगत होतो मी.”

“सांगत होता, पण आधी ती जुनी कंपनी आली, मग तिचा फोरमन आला, मग बार आला.”

ते हसले. मी म्हटलं, “उद्यापासून सगळ्यात महत्त्वाचं एक आधी सांगा. बाकीचं मी साडेनऊला तुमच्या मशीनवर येऊन ऐकतो.”

“नक्की येणार का?”

या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे, त्याकडे येतोच. इथे लक्षात घ्यायचं ते एवढंच की मी त्यांच्या बोलण्याबद्दल तक्रार केली नाही. मला हवी असलेली गोष्ट उशिरा मिळाली, अशी माझी अडचण सांगितली. ती खरीही होती.

त्या आधी आमच्या स्टोअरमधल्या एका पोराने बोर्डाशेजारी पाटी लावली होती: ‘येथे फक्त आजचे बोलावे. कालचे काल बोलायला हवे होते.’ पुणंच ते, पाटीचं कौतुक झालं, फोटोही निघाले. अण्णा मात्र पुढचे काही दिवस हूं की चूं करेनात. सेटर बोलेनासा झाला तर त्याचा हिशोब रिजेक्शनमध्ये दिसतो. पाटी मी उतरवली.

आता मीटिंगची घडी. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. बोर्डावर लिहिता येतं ते तोंडाने सांगायचं नाही. टार्गेट, ओके पीस, रिजेक्शन, ब्रेकडाऊनची मिनिटं हे ज्याने त्याने आपल्या मशीनच्या रकान्यात सातच्या आधी मार्करने भरायचं. रात्रीच्या शिफ्टचा आकडा रात्रीचा माणूस घरी जाण्याआधी भरतो. टार्गेट झालं तर हिरवा, नाहीतर लाल. मीटिंगमध्ये आधी सेफ्टीचं काही असेल तर ते, आणि मग फक्त लाल. हिरव्याबद्दल कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. अण्णांची मशीनं बहुतेक दिवस हिरवीच असतात, त्यामुळे निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

प्रश्न कसा विचारता तेही बघा. ‘काय अण्णा, काल काय झालं?’ म्हणजे स्वतःहून माईक हातात देणं. ‘तीन नंबर लाल का? आज काय लागेल?’ एवढं विचारलं की उत्तर एका वाक्यात येतं. माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. तेही रोज असेच जमतात, त्याला डेली स्क्रम म्हणतात, आणि पंधरा मिनिटांची मर्यादा स्क्रम या त्यांच्या कामाच्या पद्धतीच्या गाइडमध्येच लिहिलेली आहे. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, असे तीन प्रश्न त्या गाइडमध्ये असायचे. २०२०च्या आवृत्तीत ते गाळले. मला तरी ते बरं वाटलं. काल काय केलं असं विचारलं की माणूस आपण रिकामे नव्हतो हे साहेबाला पटवत बसतो.

भाच्याने आणखी एक ऐकवलं. १९९९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात बसून घेतलेल्या मीटिंगांना उभ्याने घेतलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळ लागला, आणि निर्णय काही अधिक चांगले झाले नाहीत. ऑफिसवाल्यांनी खुर्च्या जरूर हलवाव्यात. आमचे अण्णा सबंध शिफ्ट उभेच असतात. उभं राहून त्यांचे नाही, माझे पाय दुखतात.

बोलण्याचा क्रम नवीन माणसापासून ठेवा. आमच्याकडे लातूर-बीडकडची कंत्राटी पोरं आहेत, दोघं बिहारचे. अण्णांनंतर त्यांचा नंबर आला की ‘अण्णा बोलले तेच’ एवढंच म्हणायची. आधी बोलू दिलं तर अडखळत का होईना, स्वतःचं सांगतात. हिंदीत सांगितलं तरी चालतं. अण्णांची पाळी येईपर्यंत बरेच मुद्दे येऊन गेलेले असतात, मग त्यांच्याकडे उरतं ते खास त्यांचंच.

वेळेसाठी आम्ही बोर्डाच्या कडेला सायकलची घंटी बसवली आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं: पहिली घंटा म्हणजे आवरतं घ्या, दुसरी म्हणजे थांबा. समजावून सांगावं लागत नाही, सगळ्यांनी लहानपणी ती भोगलेली असते. एकाला एक मिनिट, पंचेचाळीस सेकंदांना पहिली. घंटी रोज वेगळ्याच्या हातात, आणि ती मालकांवरही वाजली पाहिजे. नाहीतर ती अण्णांसाठीच आणली हे दुसऱ्या दिवशी उघडं पडतं. बोलणाऱ्यालाच कायमचा टाइमकीपर करा, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो आवडत नाही. त्यात शिक्षा दिसते, शिवाय घंटी का वाजवली यावरही ते दोन मिनिटं बोलतील.

मध्येच थांबवावं लागलं तर नाव घ्या, मुद्दा उचला, वेळ द्या. “अण्णा, चक प्रेशरचं लिहून घेतलं. साडेनऊला तुम्ही, मी आणि मेंटेनन्स, मशीनवर.” (चक म्हणजे मशीनमध्ये पीस धरून ठेवणारी पकड.) असं म्हणत बोर्डाच्या ‘नंतर’ कोपऱ्यात विषय, नावं आणि वेळ लिहायची. आणि साडेनऊला जायचंच. गोदामात आग लागली तरच न जाण्याची मुभा. दोनदा चुकलात की ‘नंतर’ म्हणजे ‘कधीच नाही’ हे त्यांना कळतं, मग ते सगळं सातलाच उरकून घेतात. त्यांचं काही चुकत नाही त्यात.

जुन्या गोष्टींचं काय? टीपीएममध्ये, म्हणजे मशीनची निगा सगळ्यांनी मिळून राखायच्या पद्धतीत, वन पॉइंट लेसन नावाचा प्रकार आहे: एक कागद, एकच मुद्दा, जमल्यास चित्र. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून बुधवारी शिफ्ट सुटायच्या आधी पंधरा मिनिटं अण्णा एक गोष्ट सांगतात, ट्रेनी मुलगी ती कागदावर उतरवते आणि कागद मशीनला लागतो. त्यांना लिहायचा कंटाळा, तिला शिकायची हौस. पातळ भिंतीचा पीस चकमध्ये दाबला जाऊन अंडाकृती होऊ नये म्हणून सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) पीसच्या मापाने आतून कसे बोअर करायचे, म्हणजे कोरायचे, याचा त्यांचा कागद आमच्याकडचा सगळ्यात मळलेला कागद आहे.

गाऱ्हाण्यांना बोर्डासमोर उत्तर देऊ नका. ओव्हरटाइम, कँटीनची भाजी, रजा, जे असेल ते लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत उत्तर आणा, नकार असला तरी.

शुक्रवार सांभाळा. गुरुवारच्या सुट्टीनंतर प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असतं. पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते तेव्हा तर रस्ते कुठे बंद होते आणि कोण कुठून फिरून आलं हे सांगितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. शुक्रवारी मी पावणेसातलाच पंचिंग मशीनपाशी चहा ठेवायला सांगतो. गप्पा तिथे होऊन जातात.

बोलणारे खुद्द मालक किंवा प्लँट हेड असतील तर त्यांना शेवटी ठेवू नका. “साहेब, तुमचं आधी, मग तुम्हाला मोकळं करतो,” म्हणायचं. बहुतेक जण निघूनही जातात.

एवढं करून महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, तर वर सांगावं लागेल. पण मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरण्याआधी टपरीवर जा आणि अण्णांना सांगा की मी हे सांगायला चाललोय, आणि अमुक एवढंच सांगणार आहे.