वायरचे नेटवर्क आणि वाय-फाय एकाच डेस्कटॉपवर जोडले जाऊ नयेत म्हणून

वागळे इस्टेट किंवा महापे येथील औद्योगिक इमारतींत लहान कार्यालये भिंतीला भिंत लावून असतात आणि वायरलेस कार्ड असलेल्या कोणत्याही डेस्कटॉपवर शेजाऱ्यांची वाय-फाय नावे दिसतात. कार्यालयाचे वायरचे नेटवर्क फायरवॉलमागे, म्हणजे नको असलेली ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेमागे, असले, तरी त्याच संगणकातील वायरलेस कार्ड बाहेरच्या नेटवर्कला जोडले गेले की फायरवॉलला वळसा घालणारी वाट तयार होते. माझ्या मते ही वाट हल्लेखोरापेक्षा, बंद केलेले संकेतस्थळ पाहण्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडणारा कर्मचारीच अधिक वेळा उघडतो.

दोन्ही जोडण्या चालू आहेत एवढ्यावरून विंडोज एका बाजूची माहितीची पॅकेट दुसरीकडे पाठवत नाही. त्यासाठी कोणीतरी नेटवर्क ब्रिज (दोन जोडण्या एकत्र सांधणारी सोय) तयार करावा लागतो किंवा इंटरनेट कनेक्शन शेअरिंग (एका जोडणीचे इंटरनेट दुसऱ्या जोडणीवरील उपकरणांना देणारी सोय) सुरू करावे लागते. परंतु ब्रिज नसला म्हणजे धोका नाही, असा निष्कर्ष काढू नये. ओळखीच्या नावाचे बनावट वाय-फाय उभारून ज्याने त्या संगणकावर ताबा मिळवला, त्याला आतील सर्व्हरपर्यंत जाण्यासाठी तो एक संगणकच पुरतो.

ज्या डेस्कटॉपला केबल आहे, त्याचे वायरलेस कार्ड बायॉसमधूनच (विंडोज सुरू होण्याआधीच्या संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करावे आणि बायॉसला पासवर्ड लावावा. कार्ड ठेवणे भागच असेल, तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवणाऱ्या सोयीत, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, विंडोज कनेक्शन मॅनेजर या क्रमाने जावे. तेथे एकाच वेळच्या जोडण्यांची संख्या कमी ठेवणारे धोरण सुरू करून ‘३ = प्रिव्हेंट वाय-फाय व्हेन ऑन इथरनेट’ हा पर्याय निवडावा. हा पर्याय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मिळतो. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरच नसतो, म्हणून कार्यालयासाठी ती घेऊ नये. नेटवर्क कनेक्शन्स या शेजारच्या विभागात ब्रिज आणि शेअरिंग यांना मनाई करणारी दोन वेगळी धोरणे आहेत. मात्र संगणक डोमेनच्या (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या कार्यालयीन संगणकांच्या) नेटवर्कवर असतानाच ती लागू होतात. जतन केलेली जुनी वाय-फाय नावेही काढून टाकावीत.

कार्यालयातील केबल ज्यात एकत्र येतात त्या स्विचवर प्रत्येक पोर्टला एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) अशी मर्यादा घातल्यास ब्रिजमागचे दुसरे उपकरण दिसताच पोर्ट बंद करता येते. शेअरिंग मात्र यातून निसटू शकते, कारण नॅट या पत्ते बदलण्याच्या पद्धतीमुळे मागची सारी उपकरणे एकाच पत्त्याआड जातात.

सर्वात अवघड प्रकार यूएसबी टेदरिंगचा, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट यूएसबी केबलने संगणकाला देण्याचा, आहे. केबलने जोडलेला मोबाइल विंडोजला सामान्यतः वाय-फाय म्हणून नव्हे, तर इथरनेट कार्ड म्हणून दिसतो, त्यामुळे वरचे वाय-फायचे धोरण त्याला अडवत नाही. त्यासाठी ग्रुप पॉलिसीतील डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्समधून नव्या नेटवर्क उपकरणांची जोडणी रोखावी. यूएसबी वाय-फाय डोंगलचाही बंदोबस्त त्यातच होतो. शेवटी केबल लावलेल्या संगणकावर वाय-फाय, हॉटस्पॉट आणि टेदरिंग हे तिन्ही एकेक करून जोडून पाहावेत आणि प्रत्येक वेळी नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत एकच जोडणी चालू आहे ना, हे तपासावे.