लाट मंदावली की वाट बंद झाली : घास, मळ आणि लघवीच्या तक्रारी नेमक्या कशा टिपाव्यात

पुण्यात पोटाच्या बहुतेक तक्रारी तीन-चार शब्दांत आटोपतात. ‘गॅस झाला’, ‘ॲसिडिटी आहे’, ‘पोट साफ होत नाही’ आणि लघवीचे काही असेल तर ‘उन्हाळी लागली’. हे शब्द खोटे नसतात, परंतु अन्न किंवा लघवी वाहून नेणाऱ्या नळीच्या नेमक्या कोणत्या भागात अडचण आहे, हे त्यांतून कळत नाही. माझ्या आईला दोन वर्षे घास छातीत अडकत होता. आम्ही घरचे आणि ती ज्यांच्याकडे औषध घेत होती ते डॉक्टरही त्याला ॲसिडिटीच म्हणत राहिलो, कारण ती ‘छातीत जळजळते’ एवढेच सांगत असे आणि पाण्याचा घोटही अडतो का, हे तिला कोणी विचारले नव्हते. शेवटी बेरियमच्या तपासणीत, म्हणजे बेरियमचे पांढरे द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेत, तिच्या अन्ननलिकेचे खालचे तोंड उघडतच नसल्याचे दिसले. आपली तक्रार डॉक्टरांपर्यंत नेमकी कशी पोहोचवावी, एवढ्यासाठीच पुढील मजकूर आहे. त्यात औषध सुचवण्याचा हेतू नाही.

आधी या नळ्यांचे काम समजून घ्यावे लागते. अन्ननलिका, जठर, आतडी आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रवाहिनी या सर्वांच्या भिंतीत आपल्या इच्छेवर न चालणारा स्नायू असतो. घासाच्या मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैलावतो आणि ही आवळ-सैल लाटेसारखी पुढे सरकत जाते. हिला क्रमसंकोच म्हणतात; डॉक्टरांच्या तोंडी पेरिस्टाल्सिस हा शब्द असतो. ‘मागे आवळणे, पुढे सैलावणे’ हा आतड्याचा नियम बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1899 मध्ये मांडला. आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे जाळे असल्यामुळे मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता हे काम चालते. प्रत्येक भागाची लय निराळी असते : जठरात मिनिटाला सुमारे 3 लाटा, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे 12 आणि त्याच्या शेवटी सुमारे 8. मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटीमीटर लांब आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असते; तिच्यात मिनिटाला साधारण 1 ते 5 लाटा येतात. या लाटा मूत्रपिंडाच्या आतल्या भागातच उगम पावतात, म्हणून मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करताना बाहेरून येणारे मज्जातंतू तुटले तरी लघवी खाली उतरतच राहते. मूत्राशयाचे काम मात्र वेगळे आहे. तेथे लाट नसते, सगळी पिशवी एकदम आवळली जाते.

बिघाड ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात, आणि हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कधी वाट मोकळी असते पण लाट मंदावलेली किंवा विस्कळीत झालेली असते. तर कधी लाट जोमदार असते पण वाटच बंद झालेली असते. लाट मंदावली की पोट फुगते, जड वाटते, गुरगुर थांबते, दुखणे असले तरी बोथट आणि सलग असते. आतड्याची वाट बंद झाली की लाट अडथळ्यावर पुन्हा पुन्हा आपटते. म्हणून कळ भरून येते, शिगेला पोहोचते, ओसरते आणि काही मिनिटांनी पुन्हा येते. मंद लाटेला चालना देणारे औषध बंद वाटेवर दिले तर अपाय होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रेमाने पाजलेले एरंडेलही याला अपवाद नाही. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. पोट ताठ झालेले असताना किंवा उलट्या होत असताना ते कटाक्षाने टाळावे.

टिपणासाठी एक साधी वही पुरते. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहाव्यात : काय आणि केव्हा खाल्ले, त्रास केव्हा आणि कोठे झाला, शौचास व लघवीला केव्हा जाऊन आलो आणि त्या दिवशी कोणती औषधे घेतली. औषधांची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि नेमके तेथेच कारण दडलेले असू शकते. अफूपासून बनलेली वेदनाशामके, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठीचे व्हेरापॅमिल, नैराश्यावरची काही औषधे ही सर्व आतड्याची गती मंदावतात. थायरॉइडची कमतरता, जुना मधुमेह आणि पार्किन्सनचा आजार यांचाही तोच परिणाम होतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर जुने आजार लिहून ठेवावेत. अर्थात, नोंदीवरून संशय आला तरी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

घास अडकत असेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. अडचण घास गिळायला सुरुवात करतानाच येते, की गिळल्यावर छातीमागे? पहिल्या प्रकारात ठसका लागतो, पाणी नाकातून येते आणि दोष घशाच्या पातळीवर असण्याचा संभव असतो. दुसरा प्रश्न : फक्त भाकरी, पोळी, भात यांसारखे घट्ट पदार्थ अडतात, की पाणी आणि ताकसुद्धा? आधी घट्ट आणि काही आठवड्यांनी पातळही अडू लागले तर नळी अरुंद होत असल्याची शंका येते, आणि वजन घटत असेल किंवा वय पन्नाशीपुढे असेल तर एंडोस्कोपी लांबणीवर टाकू नये. घट्ट आणि पातळ दोन्ही प्रथमपासूनच अडत असतील तर लाटेचाच दोष अधिक संभवतो. तिसरा प्रश्न रात्रीचा : झोपेत न पचलेले अन्न तोंडात येते का, उशी ओली होते का? माझ्या आईची उशी रोज ओली होत असे आणि आम्ही तिला लाळ समजत होतो. तिला झालेल्या आजाराचे नाव ॲकॅलेशिया. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असलेल्या झडपेला सैलावण्याचा निरोप देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. बेरियमच्या चित्रात अन्ननलिका वर रुंद आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. झडपेचा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया हेलर या जर्मन शल्यविशारदांनी 1913 मध्ये प्रथम केली, आणि आज तोच छेद तोंडातून दुर्बीण घालूनही घेता येतो.

जठराबद्दल थोडेच सांगायचे आहे. दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे किंवा सकाळच्या उलटीत आदल्या रात्रीचे अन्न दिसणे, हे जठर वेळेवर रिकामे होत नसल्याचे लक्षण आहे. मधुमेही व्यक्तीने हे आवर्जून सांगावे, कारण अन्न उशिरा उतरले तर इन्सुलिनची वेळ चुकते आणि साखर अकारण वर-खाली होते.

मोठ्या आतड्याचे वेळापत्रक मात्र घरीच तपासता येते. सिंहगडावर भाजलेले मक्याचे कणीस खाल्ले किंवा घरी उकडलेले दाणे खाल्ले, की ती वेळ लिहून ठेवावी आणि मळात दाण्यांची साले दिसतील ती वेळही लिहावी. नंतर दोन-तीन दिवस पुन्हा मका खाऊ नये. साधारण एक ते तीन दिवसांचे अंतर स्वाभाविक मानावे. वारंवार त्याहून पुष्कळ अधिक लागत असेल तर आतडे मंद आहे. बिटानेही हे करता येते, मात्र त्याने काहींची लघवीही लाल होते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. मळाचे स्वरूप सांगण्यासाठी 1997 पासून ब्रिस्टल शहराच्या नावाने ओळखला जाणारा सात प्रकारांचा तक्ता डॉक्टर वापरतात. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा व कठीण, चौथा मऊ व सलग, सातवा निव्वळ पाण्यासारखा. वहीत केवळ आकडा लिहिला तरी पुरे, आणि संकोचही वाचतो.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे ही बद्धकोष्ठतेची एक खूण आहे, पण रोज जाऊनही जोर करावा लागणे आणि काहीतरी आत राहिल्यासारखे वाटणे हीसुद्धा तिचीच खूण आहे. या दुसऱ्या प्रकारात लाट ठीक असून गुदद्वाराजवळचे स्नायू सैलावण्याऐवजी आवळले जात असू शकतात. अशा वेळी रेचकांचे डोस वाढवून उपयोग होत नाही. स्नायूंना योग्य वेळी सैल सोडण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते. पेठांमधल्या वाड्यांतून सदनिकांत राहायला आलेल्या अनेक ज्येष्ठांचे उकिडवे बसणे कमोडमुळे सुटले. उकिडवे बसल्यावर गुदाशयाचा बाक सरळ होतो; म्हणून कमोडवर बसताना पायांखाली लहान स्टूल घ्यावे आणि किंचित पुढे वाकावे. जेवल्यावर मोठ्या आतड्यात जोरकस लाट येते आणि सकाळच्या न्याहारीनंतर ती विशेष जाणवते. हिंजवडीची बस गाठण्याच्या घाईत हीच कळ रोज दाबली जाते आणि गुदाशयाला ती न जाणवण्याची सवय लागते. न्याहारीनंतरची दहा मिनिटे राखून ठेवणे हा मला ठाऊक असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. इसबगोल घेताना तो पेलाभर पाण्यातच घ्यावा आणि लगेच आडवे होऊ नये. घास अडकत असेल किंवा आतडे बंद असल्याची शंका असेल तर तो मुळीच घेऊ नये, कारण तो नळीतच फुगतो.

मूत्रवाहिनीचा विचार आपण बहुधा मुतखड्याच्या वेळीच करतो. ही नळी तीन ठिकाणी अरुंद असते : मूत्रपिंडातून निघताना, ओटीपोटाच्या कडेवर मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा सहसा येथेच अडतो. वर तुंबलेल्या लघवीने नळी ताणली जाते आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी असह्य कळ येते. असा रुग्ण एका जागी बसत नाही, येरझारा घालतो. पोटाच्या आवरणाला सूज आलेला रुग्ण मात्र निश्चल पडून राहतो, कारण हलताच त्याचे दुखणे वाढते. हा फरक डॉक्टरांना अवश्य सांगावा. 5 मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. कळ ऐन भरात असताना तांब्यामागून तांब्या पाणी किंवा कोणी सुचवली म्हणून बिअर प्यायल्याने खडा लवकर पडतो, असे दिसून आलेले नाही. पाण्याचे महत्त्व नंतर आहे : पुन्हा खडे होऊ नयेत म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके प्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे पाणी जात असल्याने हे प्रमाण एखाद्या दिवशी मापाच्या भांड्याने मोजूनच पाहावे.

खड्याशिवायही ही वाट अडते. काही मुलांमध्ये मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यातील स्नायू जन्मतःच नीट घडलेला नसतो आणि लाट तेथेच विरते. काहींमध्ये लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. लहान मुलाला लघवीच्या जंतुसंसर्गाने पुन्हा पुन्हा ताप येत असेल तर केवळ प्रतिजैविकांवर न थांबता सोनोग्राफीविषयी विचारावे. गरोदरपणात मात्र संप्रेरकांमुळे आणि वाढत्या गर्भाशयाच्या दाबामुळे मूत्रवाहिनी थोडी रुंदावणे स्वाभाविक आहे.

नवजात बाळांसाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जन्मानंतर 48 तासांत पहिली काळी शी झाली नाही तर हिर्शस्प्रुंगच्या आजाराची शंका घ्यावी लागते; त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात आणि तो भाग सतत आवळलेला राहतो. दोन ते आठ आठवड्यांचे बाळ दूध पिऊन लांबवर उडणारी उलटी करत असेल आणि त्याच्या पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट डोळ्यांनी दिसत असेल, तर जठराचे खालचे तोंड अरुंद झालेले असू शकते. आणि उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट पाहू नये.

मोठ्यांच्या बाबतीतही काही प्रसंगी वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : पोट फुगून उलट्या होत असतील आणि मळ व वारा दोन्ही बंद असतील; कुशीतील कळेबरोबर थंडी वाजून ताप आला असेल; लघवी पूर्ण थांबली असेल; एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीला कळ आली असेल; अथवा घास असा अडकला असेल की थुंकीही गिळवत नाही.

एरवी रुग्णालय ससूनसारखे मोठे सरकारी असो वा पेठेतले खासगी, वहीतील दोन आठवड्यांचा सारांश एका कागदावर काढून न्यावा. अन्ननलिकेची मॅनोमेट्री सांगितली तर घाबरू नये. नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे लहान लहान घोट गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाबरोबर लाटेचा दाब मोजतात. आदल्या दिवशी कोणती औषधे टाळायची, हे लेखी विचारून घ्यावे. बेरियम प्यायल्यानंतर एक-दोन दिवस मळ पांढरा होतो आणि तो घट्ट बसण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि पांढरा रंग कोणत्या दिवशी गेला, हेही वहीत लिहून ठेवावे.